नवं बेअरिंग मागायच्या आधी जुनं घेऊन या

मला येणारे बरेचसे मेसेज असे असतात, "भाऊ २२२२० आहे का, अर्जंट पायजे, ड्रिल बंद हाये." बस, एवढंच. मग मी फोन लावून विचारतो की नंबराच्या पुढे काय लिहिलंय, सी३ का साधं, के आहे का नाही, केज (रोलर जागेवर धरणारा सांगाडा) पितळेचा का पत्र्याचा, तर समोरून उत्तर येतं की नंबर दिला ना तुमाले, आता अजून काय देऊ. तेच तेच किती वेळा फोनवर सांगणार, म्हणून म्हटलं एकदाचं सविस्तर लिहून टाकू.

आमचं दुकान वणी-चंद्रपूर पट्ट्यातलं. बेअरिंग, ऑईल सील, चेन-स्प्रॉकेट, असला माल. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः ओपनकास्ट कोळसा खाणीत ओबी काढणारे कंत्राटदार, म्हणजे कोळशाच्या वरचा जो माती-दगडाचा थर असतो तो काढणारे, आणि थोडेफार गिट्टी खदानवाले. दगड फोडायचा तर आधी ब्लास्टिंगचे होल मारावे लागतात, आणि होल मारणारी ड्रिल मशीन एकदा बसली की मागे शॉव्हेल, डंपर सगळी लाइन हात बांधून उभी. म्हणून तो "अर्जंट" शब्द खरा असतो, त्यात मला शंका नाही. पण घाईघाईत चुकीचं बेअरिंग नेलं की तीच मशीन महिन्या-दोन महिन्यांत परत उघडावी लागते आणि तेव्हा शिव्या दुकानदाराला.

आपल्या भागातला दगड कसला आहे ते आधी बघा. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर बराचसा वालुकाश्म, कामठी आणि बराकार थरातला, काही ठिकाणी त्याच्याही वर काळा बेसाल्ट. वालुकाश्म म्हणजे क्वार्ट्झचे कणच कण, आणि क्वार्ट्झ हा बेअरिंगच्या स्टीलपेक्षा कडक असतो. बेअरिंगचं स्टील, ज्याला आपल्याकडे लेथवाले एन ३१ म्हणतात, ते म्हणजे साधारण १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम, पाणी देऊन ६० रॉकवेलच्या आसपास कडक केलेलं. एवढं कडक असूनही होलमधून उडालेली ती पिवळट धूळ त्याला घासून खाते. म्हणून खाणीतलं बेअरिंग आणि कॉटन जिनिंगमधलं बेअरिंग एकाच नंबरचं असलं तरी दोघांचं आयुष्य एक नसतं.

आता नंबर. २२२२० घ्या कारण ते सगळ्यात जास्त मागितलं जातं. २२२ म्हणजे स्फेरिकल रोलर (मधे फुगीर रोलरच्या) बेअरिंगची सिरीज, शेवटचे दोन आकडे गुणिले ५ म्हणजे बोअर, मधल्या भोकाचा व्यास, २० गुणिले ५ म्हणजे १०० मिमी. बाहेरचा व्यास १८०, रुंदी ४६, वजन पाचेक किलो. इथपर्यंत जगातल्या सगळ्या कंपन्यांचं सारखंच, चिंचवडचं एसकेएफ घ्या, वडोदऱ्याचं एफएजी घ्या नाहीतर जयपूरचं एनबीसी. घोळ होतो तो त्याच्या पुढच्या अक्षरांत.

के लिहिलेलं असेल तर बोअर सरळ नाही, उतरता आहे, दर १२ मिमीला १ मिमी. ते अडॅप्टर स्लीव्हवर, म्हणजे शाफ्टवर चढवायच्या उतरत्या नळीवर बसतं. सरळ शाफ्टवर बसवायला गेलात तर एका बाजूला अडकेल आणि दुसऱ्या बाजूला हलेल, आणि तरी लोक ठोकून बसवतात हे मी पाहिलंय. डब्ल्यू३३ म्हणजे बाहेरच्या रिंगला मधोमध खाच आणि तीन भोकं. हाउसिंगच्या (बेअरिंग ज्यात बसतं त्या घराच्या) निप्पलमधून मारलेलं ग्रीस त्या भोकांतूनच रोलरपर्यंत जातं, भोकंच नसतील तर तुम्ही रोज गन मारत बसा, ग्रीस बाहेरच्या बाहेर फिरून सीलमधून निघून जाणार आणि तुम्हाला वाटणार चला भरपूर ग्रीस गेलं. केजचं अक्षर कंपनीगणिक वेगळं, एसकेएफमध्ये सीए आलं की पितळी, मशीनवर कापलेला, सीसी म्हणजे पत्र्याचा, एफएजीमध्ये एम किंवा एमबी आलं की पितळी. जिथे दगडावर ठोके मारणारा हॅमर चालतो, जिथे सगळं हेड (ड्रिलचा रॉड फिरवणारा गिअरबॉक्स) थरथरतं, तिथे मी तरी पितळी केजच देतो, महाग पडलं तरी. पत्र्याचा केज वाईट नाही, साध्या पंख्याला नाहीतर कन्व्हेयरला वर्षानुवर्षं चालतो, पण सततच्या धक्क्यांत त्याच्या खिशांच्या कोपऱ्यात तडा जातो, आणि केज तुटला की रोलर एकमेकांवर चढतात, मग बेअरिंग काढायला गॅस कटरच लागतो.

आणि सी३, म्हणजे रोलर आणि रिंगमधली मोकळी जागा (क्लिअरन्स) नेहमीपेक्षा जास्त. यावरून सगळ्यात जास्त वाद. गिऱ्हाईक नवं बेअरिंग हातात घेऊन हलवतो, खडखड आवाज येतो, आणि म्हणतो भाऊ हे तं नवीनच ढिलं हाये, दुसरं द्या. अरे बाबा ते ढिलंच असायला पाहिजे. १०० मिमी बोअरच्या सरळ स्फेरिकलमध्ये साध्या क्लिअरन्सला आतली जागा ६० ते १०० मायक्रॉन असते, सी३ मध्ये १०० ते १३५ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता ते शाफ्टवर टाइट बसवलं की आतली रिंग थोडी फुगते, त्यात काही मायक्रॉन गेले. मशीन चालू झालं की आतली रिंग जास्त तापते, बाहेरची हाउसिंगला चिकटलेली असल्यामुळे कमी तापते, त्यात अजून काही गेले. चंद्रपूरचा मे महिना, बाहेरच ४६ डिग्री, हेडचं ऑईल त्याच्या वर कितीतरी. साधं बेअरिंग बसवलं असेल तर जागाच उरत नाही, रोलर दोन्ही रेसमध्ये, म्हणजे रिंगांवरच्या त्यांच्या फिरायच्या वाटांमध्ये दाबले जातात, अजून तापतात, तापले की अजून फुगतात, आणि दुपारी दोनच्या शिफ्टला जाम. मग म्हणतात माल डुप्लिकेट होता.

(उलटही सांगतो, सी३ सगळीकडे चांगलं असं नाही. काही जण आता सगळ्यालाच सी३ मागतात, अगदी पाण्याच्या पंपाला पण. जिथे मॅन्युअलमध्ये सी३ लिहिलंय तिथे सी३, नाहीतर नाही.)

मॅन्युअलवरून आठवलं, मशीन बनवणाऱ्या कंपन्या पार्ट बुकमध्ये बेअरिंगचा खरा नंबर देत नाहीत, स्वतःचा लांबलचक पार्ट नंबर देतात. त्यांचं बरोबर आहे, त्यांना स्वतःचे पार्ट विकायचेत. पण आतून निघतं ते बहुतेक वेळा कुठल्या तरी नेहमीच्या कंपनीचं बेअरिंग आणि त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. डिझेलने धुवा, फडक्याने कोरडं करा, खडू घासा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरून फोटो काढा, नंबर दिसतो. झिजून गेला असेल तर व्हर्निअरने बोअर, बाहेरचा व्यास, रुंदी तिन्ही मापं घ्या, पण लक्षात ठेवा की व्हर्निअर तुम्हाला बाहेरचं माप देतो, आतला क्लिअरन्स आणि केज त्यात कळत नाही.

टेपर रोलरमध्ये, म्हणजे निमुळत्या रोलरच्या बेअरिंगमध्ये अजून एक भानगड. बऱ्याच ड्रिलच्या रोटरी हेडमध्ये मेन शाफ्टला वर-खाली टेपर रोलर असतात, आणि अमेरिकन घराण्याचं मशीन असेल तर ती इंचाच्या मापातली. त्यात कोनचा (रोलरसकट आतली रिंग) नंबर वेगळा, कपचा (बाहेरची रिंग) वेगळा, दोन्ही नंबर पाहिजेत. काही जण कप हाउसिंगमधून काढायचा कंटाळा म्हणून फक्त कोन नेतात, "कप तं चांगला हाये अजून". जुन्या कपवर जुन्या रोलरची वाट पडलेली असते, नवा कोन त्यावर कधीच नीट बसत नाही, वर्षाचं काम महिन्यात उरकतो. माझं नुकसान नाही यात, मी परत विकेनच, पण सांगणं माझं काम.

रोटरी हेडमधल्या बेअरिंगवर भार कसा येतो तेही सांगतो, कारण ते कळलं की बाकी पुष्कळ कळतं. होल मारताना पुलडाऊन लागतो, म्हणजे मशीन वरून बिटला (रॉडच्या टोकाचं दगड फोडणारं हत्यार) दगडात दाबते, मोठ्या २५० मिमीच्या मशीनवर हा दाब २५-३० टनांपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा दगड शाफ्टला उलटा वर ढकलतो आणि एका बाजूचं बेअरिंग तो भार घेतं. मग रॉड वर ओढायची वेळ आली की सगळ्या रॉडचं वजन खाली लटकतं, भार पलटतो, दुसऱ्या बाजूचं बेअरिंग कामाला लागतं. शिफ्टभर हेच, दाब, ओढ, दाब, ओढ. शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) एंड प्ले, म्हणजे शाफ्टची वर-खाली हालायची जागा, नीट सेट केला नसेल तर शाफ्ट प्रत्येक पलटीला वर-खाली आदळतो. डायल गेज लावून मॅन्युअलमधला आकडा येईपर्यंत शिम कमी-जास्त करायचे, एवढं सरळ काम आहे, पण डायल गेज कपाटात कुलूपबंद आणि किल्ली साहेबाकडे, मग फिटर हाताने हलवून बघतो आणि म्हणतो बसलं.

आणि ऑपरेटर लोकांसाठी, होल लवकर व्हावा म्हणून पुलडाऊन वाढवत नेता ना, रोलर बेअरिंगचा हिशोब असा आहे की भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, दहाव्या हिश्श्यावर येतं. हा काही माझा अंदाज नाही, बेअरिंगच्या कुठल्याही कॅटलॉगच्या सुरुवातीलाच सूत्र छापलेलं असतं, भाराच्या गुणोत्तराचा दहा भागिले तीन घात. घाई करून दिवसाला दोन होल जास्त मारले आणि हेड महिनाभर आधी उतरवलं, यात कोणाचा फायदा झाला ते कंत्राटदाराने ठरवावं.

आता मुख्य मुद्दा. जुनं बेअरिंग फेकू नका, भंगारवाल्याला लगेच देऊ नका, माझ्याकडे घेऊन या. नवं कुठलं द्यायचं ते नंबरावरून कळेल, पण जुनं का मेलं ते त्याच्या रेसवरच लिहिलेलं असतं आणि ते वाचल्याशिवाय नवं बसवणं म्हणजे नुसते पैसे टाकणं.

घुग्घुसकडचे एक फिटर मामा आहेत, जुने माणूस, हात सोन्याचा. एकदा ते बेअरिंग जुन्या बनियानमध्ये गुंडाळून घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "पाय बाप्पा, तिसऱ्यांदा तेच होऊन राह्यलं, ग्रीस बराबर, ऑईल बराबर, मंग काहून जातं?" धुवून बाहेरची रिंग उजेडात धरली. रेसवर आडव्या रेघा होत्या, एकेका रोलरच्या अंतरावर एक, मोजून तेवढ्याच. अशा रेघा दोन कारणांनी पडतात. एक म्हणजे मशीन उभं असताना बाहेरून थरथर बसली की रोलर जागच्या जागी घासतात. तेव्हा रेघेचा तळ चकचकीत नाहीतर गंजाच्या रंगाचा असतो. इथे तळ काळपट तपकिरी होता, जळाल्यासारखा, आणि नख फिरवलं तर बारीक खड्डे लागत होते. मी विचारलं, मामा मास्टवर (हेड ज्यावर वर-खाली चालतं तो उभा सांगाडा) वेल्डिंग होते का? म्हणाले, हो मंग, हेडच्या ब्रॅकेटला चिरा पडतात, आठ-पंधरा दिवसाला वेल्डर येते. वेल्डिंगची अर्थची तार कुठे लावतो? तर म्हणे खाली चेन-ट्रॅकला, तिथं लोखंड मोकळं भेटते ना.

झालं. करंट हेडच्या बॉडीतून निघाला तो शाफ्टमधून, रॉडमधून वाट काढत खाली जाताना रोलर आणि रेसच्या मधल्या त्या केसाहूनही पातळ ऑईलच्या थरातून उडी मारून जातो, प्रत्येक उडीला एक बारीक ठिणगी, एक बारीक खड्डा. बाहेरून काही दिसत नाही. वेल्डर गेला, ब्रॅकेट पक्का झाला, सगळे खूश, आणि आत बेअरिंगचं आयुष्य संपायला सुरुवात झाली. उपाय काय, तर अर्थ क्लॅम्प जिथे वेल्ड करायचंय त्याच तुकड्यावर, वितभर अंतरावर लावायचा, रंग खरडून. फुकटचा उपाय आहे. मामांनी त्या दिवशी नवं बेअरिंग नेलं ते नेलंच, पण जाताना फोनवरूनच वेल्डरची जी खरडपट्टी काढली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

असंच बाकीचंही वाचता येतं. टेपरच्या रेसवर घासल्याचा पट्टा एकाच कडेला असेल तर सेटिंग चुकलंय किंवा शाफ्ट तिरका चाललाय. बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये स्थिर असते, भार शाफ्टला आडवा येत असेल तर तिच्यावर त्याचा पट्टा साधारण एका बाजूलाच दिसायला पाहिजे, पूर्ण गोल फिरून सगळीकडे सारखा दिसला तर बेअरिंग आतून आवळलं गेलं होतं, म्हणजे परत तोच क्लिअरन्सचा विषय. रेसवरून खपल्या निघाल्या असतील आणि खाली खडबडीत स्टील दिसत असेल तर तो थकवा, भार जास्त किंवा वय झालं. निळा रंग आला असेल तर ३०० डिग्रीच्या आसपास तापलंय, त्या स्टीलमध्ये आता कडकपणा राहिला नाही, धुवून परत बसवायचा विचार पण करू नका. आणि आतल्या रिंगच्या बोअरला आरशासारखी चमक किंवा ओरखडे असतील तर रिंग शाफ्टवर फिरत होती, म्हणजे शाफ्ट झिजलाय. इथे आपल्या लोकांचा लाडका इलाज म्हणजे शाफ्टवर सेंटर पंचने टिपके मारायचे, चारी बाजूने, कोंबडीने चोची मारल्यासारखे, आणि त्यावर नवं बेअरिंग ठोकायचं. ते टिपके पहिल्या शिफ्टला दबतात. शाफ्ट भरून घ्या, ग्राइंड करून घ्या, स्लीव्ह बसवा, खर्च येतो पण दुसरा रस्ता नाही.

सगळ्यात जास्त बेअरिंग मात्र यातल्या कशाने जात नाहीत, धुळीने जातात. रेस मळकट राखाडी, चमक गेलेली, रोलर बोटाने फिरवला तर करकर लागतो, आणि तळाशी ग्रीसऐवजी काळी पेस्ट. खाणीत धूळ दाबायला पाण्याचा फवारा किंवा डस्ट कलेक्टर लागतोच, तो चालू असला तर बेअरिंगही वाचतं, पण टाकी रिकामी असली तरी होल मारणं थांबत नाही हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी मी सीलचं विचारायच्या आधी ब्रीदरचं विचारतो. गिअरबॉक्सवर ती छोटी टोपी असते ना, आत हवा ये-जा करायला, ती. ती तुटली की मशीन थंड होताना हेड बाहेरची धूळ सरळ आत ओढतं. आणि धुळीने बुजली तर आत प्रेशर तयार होतं, ऑईल सीलची कड उलटते, ऑईल बाहेर, धूळ आत. लोक सील बदलत राहतात, एकावर एक, ब्रीदरकडे कोणी बघत नाही. त्याची किंमत बेअरिंगच्या किमतीपुढे काहीच नाही, मी तर ओळखीच्या गिऱ्हाईकाला असाच देतो. ऑईलचं सॅम्पल तपासायची सोय असेल तर रिपोर्टमध्ये सिलिकॉन बघा, तो वाढला म्हणजे धूळ शिरतेय, आणि त्याच्या पाठोपाठ लोह आणि क्रोमियम वाढलं की समजा बेअरिंगने जीव सोडायला सुरुवात केलीय, तेव्हाच मागवून ठेवा, बंद पडायची वाट कशाला बघता.

बसवण्याबद्दल थोडक्यात. गॅसच्या टॉर्चने तापवू नका, एका जागी निळं पडतं. इंडक्शन हीटर नसेल तर स्वच्छ ऑईलच्या बाथमध्ये तापवा, बेअरिंग तळाला टेकवू नका, जाळीवर ठेवा. ११० डिग्रीपर्यंत, १२५ च्या वर कधीच नाही. १०० मिमीचं बोअर ८० डिग्रीने तापवलं तर साधारण ०.१ मिमी मोठं होतं, आणि शाफ्टवर टाइट बसायला फरक असतो ०.०१ ते ०.०५ मिमीचा, म्हणजे हाताने सरकून बसतं, घणाची गरजच नाही. ज्यांना ठोकायचंच आहे त्यांनी निदान बाहेरच्या रिंगवर ठोकून आतली बसवू नका, तो सगळा दणका रोलरमधून जातो आणि रेसवर खळगे पडतात, नवीन बेअरिंग पहिल्या फेरीलाच जुनं. शिवाय कडक स्टीलचा तुकडा उडून डोळ्यात जातो, हे गावोगावी झालंय. आणि ती पोरं धुतलेलं बेअरिंग एअर लाइनने गरगर फिरवून शिट्टी वाजवतात ना, तो खेळ बंद करा, विना ऑईलचं बेअरिंग त्या स्पीडला फुटू शकतं. हेड उतरवताना मास्ट आडवी करून खाली लाकडी ठोकळे लावलेत का, इंजिनची चावी खिशात आहे का, हे तर बेअरिंगच्या आधी.

डुप्लिकेट मालाबद्दल विचारतात लोक. आहे, भरपूर आहे. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे नवा नकली नाही तर जुनाच असली, भंगारातून उचललेला, पॉलिश केलेला, नंबर परत लेझरने मारलेला, नवीन डब्यात. एका गिऱ्हाईकाने बाहेरून अर्ध्या भावात आणलेलं दाखवायला आणलं होतं, डबा एकदम चकाचक, आणि रिंगच्या कडेवर जुन्या कोरीव नंबराची सावली अजून दिसत होती. कोणी विकलं ते सांगत नाही. तुम्ही एवढं करा, कडेचा चॅम्फर (तिरकी कापलेली धार) बघा, पॉलिशने गोल झालेला असतो, कोरलेली अक्षरं बघा, आणि मोठं बेअरिंग असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमधून तपासून घ्या, एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं आहे, शेफ्लर म्हणजे एफएजीवाल्यांचं ओरिजिनचेक. माझ्याकडून घेतलेलं पण तपासा, मला राग येत नाही. सरकारी खरेदीत एल-वन म्हणजे सगळ्यात कमी भाववाला जिंकतो आणि खासगीवाल्यांनीही तीच सवय लावून घेतलीय, पण भाव लावताना नंबराची सगळी अक्षरं मागणीत लिहिली नसतील तर कमी भाववाला पत्र्याच्या केजचं, साध्या क्लिअरन्सचं देणार आणि कागदावर तो बरोबरच असणार.

ट्रायकोन बिटचं, म्हणजे तीन फिरते दातेरी शंकू (कोन) असलेल्या बिटचं, पण लिहायला सांगितलं होतं एकाने. त्याच्या तीन कोनांच्या आत पण रोलर बेअरिंगच असतात, पण ती बदलायची नसतात, बिट संपली की संपली. ही कल्पना जुनी, हॉवर्ड ह्यूजेस सीनियर या टेक्सासच्या माणसाने १९०९ मध्ये दोन कोनांच्या बिटचं पेटंट घेतलं तेलाच्या विहिरींसाठी, तीन कोन १९३३ मध्ये आले. आपल्या ब्लास्टहोलच्या बिटमध्ये बेअरिंग बहुतेक उघडीच असतात, ग्रीस नाही, कॉम्प्रेसरची हवाच बिटच्या पायातल्या भोकातून जाऊन त्यांना थंड करते आणि धूळ बाहेर फेकते. म्हणून होलमध्ये बिट असताना हवा कधीच बंद करायची नाही, आत जाताना चालू, बाहेर येताना चालू, रॉड जोडताना जेवढा वेळ बंद ठेवावी लागते तेवढीच. नवी बिट पहिल्या होलला कमी दाबाने चालवा. आणि बिट बाहेर आली की तिन्ही कोन बघा, हात जवळ नेऊन, लगेच धरू नका चटका बसेल, एक कोन बाकी दोघांपेक्षा जास्त गरम असेल तर त्याची हवेची वाट बुजलीय. तेव्हाच साफ केली तर बिट वाचते, नाहीतर तो कोन होलच्या तळाला सुटून पडतो, आणि त्या कोनावर दुसरी बिट चालवून बघायचा विचार करणारे पण असतात, असो.

डीटीएच (डाउन-द-होल, होलच्या तळाशी ठोकणारा) हॅमरवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या हॅमरमध्ये रोलर बेअरिंग नाही, पिस्टन आहे, पण तुमचं हेड त्याचे धक्के खातंच, वरचं सगळं तुम्हालाही लागू.

ग्रीसचं एक राहिलं. लिथियमवर कॅल्शियम सल्फोनेट, त्यावर कुठलंतरी तिसरंच निळं-लाल, असं रंग बघून भरू नका, काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात. आणि जास्त भरणं म्हणजे जास्त काळजी घेणं नाही, हाउसिंग गच्च भरलं की बेअरिंग ग्रीस घुसळत बसतं आणि तापतं. अर्ध्यापर्यंत बास.

आता पावसाळा तोंडावर आहे. पिटमध्ये पाणी भरलं की ड्रिल वर आणून उभ्या करतात, आणि हमखास जनरेटरच्या शेजारी, कारण तिथे शेड असते. दोन महिने जनरेटरची थरथर त्या उभ्या हेडला बसते आणि रोलरच्या अंतरावर रेघा पडतात, त्या चकचकीत तळाच्या, वर सांगितल्या त्या. मशीन लांब उभं करा आणि आठवड्यातून एकदा स्टार्ट करून हेड थोडं फिरवून ठेवा, रोलर जागा बदलतात. ओव्हरहॉलिंग करायचं तर हेच दिवस, कारण दिवाळीनंतर जी धावपळ सुरू होते ती मार्चएंडचं टार्गेट होईपर्यंत कोणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. साधे २२२ सिरीजचे नंबर माझ्याकडे शेल्फवर असतात, पण २९४ सिरीजचं स्फेरिकल थ्रस्ट किंवा इंच मापाचा मोठा टेपर लागणार असेल तर तो बाहेरून येतो, कधी दोन आठवड्यांत, कधी दोन महिन्यांत. जुन्याचा आडव्या उजेडातला फोटो, सगळी अक्षरं दिसतील असा, आत्ताच पाठवून ठेवा.